इंटिरियरच्या कोटेशनमधल्या 'पट्ट्या': कुठली ठेवू, कुठली गाळू?

सई_कोथरूड
नमस्कार मंडळी. कोथरूडला २ बीएचके घेतलाय. रीसेलचा, इमारत पंचवीसेक वर्षांची. हॉल १० बाय १६, दोन्ही बेडरूम १० बाय १२. इंटिरियर डिझायनरचं कोटेशन आलं. ट्रॉल्या, वॉर्डरोब, शू रॅक इथपर्यंत सगळं कळलं. मग एक अख्खं पान नुसतं पट्ट्यांचं: स्कर्टिंग, डॅडो, आर्किट्रेव्ह, कॉर्निस, कोव्ह, लिपिंग, बीडिंग, वॉल मोल्डिंग. सगळ्यांचा दर रनिंग फुटावर, आणि पानाखालची बेरीज वॉर्डरोबपेक्षा मोठी!
तिच्यासमोर मी 'हो हो' करत मान हलवून आले. आता इथे विचारतेय. यातलं काय खरंच लागतं आणि काय नुसतं नटणं आहे?

टवाळ_पोर
पट्ट्या म्हणजे शाळेत हातावर बसायच्या त्याच ना? त्या गाळल्या असत्या तर बरं झालं असतं.

मीनल_ठाणे
रुमाल टाकून ठेवते. आमचंही काम दिवाळीनंतर काढायचंय.

सिव्हिलवाला
सई, एक पेन्सिल घ्या. प्रत्येक पट्टीपुढे दोन प्रश्न लिहा: ही काय झाकते आणि ही कशापासून वाचवते? दोन्हींना उत्तर नसेल तर ती शोभेची. शोभेला माझी हरकत नाही, पण मग ते पैसे शोभेचे म्हणून मोजून द्यावेत.

घरात आधी गवंडी येतो, मग फरशीवाला, मग सुतार, मग पीओपीवाला, शेवटी रंगारी. एकाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथे फट राहते, आणि ती आपली नव्हे असं दोघंही म्हणतात. तुमच्या त्या पानावरचं निम्मं अधिक त्या फटींवरचं पांघरूण आहे.

स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या तळाशी ३-४ इंची पट्टी. कडेच्या फरशा कापून बसवलेल्या असतात, प्लास्टरही खाली कधी सरळ उतरत नाही. ते झाकायचं, शिवाय रोजची ओली फरशी पुसणं आणि केरसुणीचे फटके. स्कर्टिंग नसेल तर वर्षभरात भिंतीचा तळ काळा होतो. हे गाळू नका.

आर्किट्रेव्ह म्हणजे चौकटीभोवतीची पट्टी, सुतार तिला कव्हर पट्टी म्हणतील. चौकट लाकडाची, भिंत विटा-सिमेंटची. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, भिंत काही त्या तालावर नाचत नाही. मग चौकटीच्या कडेने केसासारखी चीर पडते. कितीही लांबी (पुट्टी) भरा, पुढच्या मे महिन्यात पुन्हा हजर. पट्टी मारली की विषय संपतो. बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट असेल तर तिथे लागत नाही.

डॅडो म्हणजे भिंतीचा खालचा भाग टाइलने मढवणं. ओट्यामागे निदान दोन फूट, बाथरूमला सात फुटांपर्यंत. फोडणीचे शिंतोडे आणि शॉवरचं पाणी. प्रश्नच नाही.

लिपिंग म्हणजे प्लायची कापलेली कड झाकणारी लाकडाची पट्टी. प्लायमध्ये पाणी शिरतं ते कडेतून. तुम्ही सर्वांत महागडा आयएस ७१० चा मरीन प्लाय घेतलात तरी कड उघडी ठेवू नये. बीडिंग म्हणजे बारीक पट्टी, काच किंवा पॅनेल धरून ठेवायला.

कॉर्निस, कोव्ह आणि वॉल मोल्डिंग हे त्रिकूट शोभेचं. कॉर्निस भिंत आणि छताच्या कोपऱ्यात, कोव्ह म्हणजे छतातली खाच, जीत एलईडीची पट्टी लपवतात.

आणि मोजमाप तपासा. १० बाय १२ च्या खोलीचा घेर ४४ फूट, दाराचे ३ वजा, राहिले ४१. एका दाराची कव्हर पट्टी ७ + ७ + ३ म्हणजे १७ फूट, दोन्ही बाजूंनी ३४. चार दारांचे १३६. वॉर्डरोबच्या मागची स्कर्टिंग मोजली असेल तर हसून खोडा.

सई_कोथरूड
@सिव्हिलवाला, दंडवत! आत्ता पाहिलं. दोन्ही बेडरूमना ४४-४४ धरलेत. दाराच्या जागी पण स्कर्टिंग लावणार बहुतेक, अडखळून पडायला.

टवाळ_पोर
त्याला उंबरठा म्हणतात, ताई. वेगळा दर लागेल.

कंगोरा
माझं सदस्यनाम या धाग्यासाठीच जन्माला आलं असावं. मोल्डिंगला आपल्याकडे आधीपासून शब्द आहे, कंगोरा. 'या प्रश्नाला अनेक कंगोरे आहेत' असं संपादकीयात वाचतो, तो शब्द सुताराच्या कामातही आहे. आमचे आजोबा सुतार. त्यांच्या पेटीत दोन कंगोऱ्याचे रंधे होते. साध्या रंध्याचं पातं सरळ असतं, याचं नक्षीप्रमाणे घासलेलं, आणि खालचं लाकूडही त्याच आकाराचं. एक अर्धगोल काढायचा, दुसरा नागमोडी, आज लाकूड कोरायच्या राउटर मशीनवाले ज्याला ओजी म्हणतात तो. सागवानाची पट्टी ओट्यावर अडकवून रंधा फिरवला की पहिल्या दहा-बारा हातांत काहीच दिसायचं नाही, मग एकदम नक्षी उमटायला लागायची. छिलके पण वेगळेच निघायचे, जाड-बारीक कडेचे. आम्ही पोरं ते कानात अडकवून फिरायचो.

आणि बारीक खिळ्यांना ते चुका म्हणायचे. नव्या गिऱ्हाइकाला विचारायचे, 'बाई, चुका किती आणू?' बाई गोंधळायच्या.

मीनल_ठाणे
चुका :) :) आमच्या सुताराने न विचारता भरपूर केल्या.

न्यूजर्सीतला_नाना
इथे जुनं घर घेतलं तेव्हा हे सगळे शब्द मला रडून शिकावे लागले. खाली बेसबोर्ड, त्याच्या पायाशी पाव गोल पट्टी, दाराखिडक्यांना केसिंग, वर क्राउन मोल्डिंग. सुतार लावायचा म्हणजे खिसा रिकामा, म्हणून मोठ्या ऐटीत स्वतः करायला घेतलं.

क्राउन मोल्डिंग भिंतीला चिकटून उभी राहत नाही आणि छतालाही चिकटत नाही. दोघांमध्ये तिरकी टेकते. त्यामुळे करवतीच्या टेबलावर ती उलटी धरून कापायची. म्हणजे छताची बाजू खाली, भिंतीची बाजू मागच्या आडोशाला, डावा तुकडा उजवीकडे. पहिल्या शनिवारी मी १६ फुटांच्या दोन पट्ट्यांचं सरपण केलं. बायको म्हणाली, गणपतीच्या मखराला ठेव.

खरं शहाणपण पुढे आलं. दोन्ही टोकं पंचेचाळीस अंशांत कापून आतल्या कोपऱ्यात भिडवली की सुंदर दिसतात. पण घराचा कोपरा नव्वदचा असला तर! असतो अठ्ठ्याऐंशी नाहीतर ब्याण्णव. शिवाय हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं, हवा कोरडी पडली, लाकूड आकसलं की तोच जोड आ वासून बसतो. शेजारच्या म्हाताऱ्याने शिकवलं: आतल्या कोपऱ्यात एक पट्टी सरळ भिंतीला ठोक. दुसरीचं टोक पहिलीच्या नक्षीप्रमाणे बारीक करवतीने कोर आणि तिच्यावर चपखल बसव. याला कोपिंग म्हणतात. कोपरा दोन अंश इकडेतिकडे असला तरी फट दिसत नाही. बाहेरच्या कोपऱ्याला मात्र पंचेचाळीसला पर्याय नाही.

एक इशारा, अमेरिकेतल्या मंडळींसाठी. घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या पट्ट्यांवरचा रंग तपासल्याशिवाय घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर इथे १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या दाराखिडक्यांच्या थरांत ते असू शकतं, आणि घरात रांगणारं मूल असेल तर ती धूळ फार वाईट.

मिनिमल_माधव
मला हा सगळा प्रकारच पटत नाही. पट्टी म्हणजे धुळीला दिलेलं बाकडं. कॉर्निसच्या खाचेतली धूळ वर्षातून एकदा, दिवाळीला, शिडीवर चढून कोण पुसणार? आमच्या घरी काही नाही. भिंत सरळ फरशीला भिडते, मध्ये दहा मिलिमीटरची खाच, आत अॅल्युमिनियमचं प्रोफाइल. दारांना कव्हर पट्टी नाही. स्वच्छ.

सिव्हिलवाला
@मिनिमल_माधव, दिसतं सुंदर, वादच नाही. पण सईंना हेही सांगा की त्यासाठी प्लास्टर किती वेळा तोडून पुन्हा केलंत. पट्टी असली की गवंड्याची अर्धा इंच चूक तिच्यामागे खपते. पट्टी काढली की प्रत्येकाचं काम दाढी केल्यासारखं लागतं. जुन्या इमारतीत, भिंती आधीच ओळंब्यात नसताना, ते पट्ट्यांपेक्षा महाग पडतं.

मिनिमल_माधव
तीन वेळा. :( आणि फरशी पुसणाऱ्या मावशी त्या खाचेला 'मुंग्यांचा बोगदा' म्हणतात.

टवाळ_पोर
मिनिमल मुंग्या.

रत्नागिरीकर
कोकणातून सांगतो. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली पट्टी कोणी गळ्यात मारली तर पळा. माझ्या भावाने हौसेने मुंबईहून आणून लावली. पहिल्या पावसाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ओल आली आणि पट्टी खालून बिस्किटासारखी फुगली. चहात बुडवलेल्या, बरं का. वरचा पांढरा रंग तसाच, आत भुसा. बिस्किट निदान खाता तरी येतं. शेवटी काढून फरशीचीच स्कर्टिंग लावली.

पीओपीच्या कॉर्निसचंही तेच. पीओपी म्हणजे भाजलेलं जिप्सम, दीडशे अंशांच्या आसपास तापवून त्यातलं पाणी उडवतात, मग पाणी घातलं की पुन्हा घट्ट होतं. पण सतत ओल लागली की ते मऊ पडतं, पिवळं पडतं आणि पोपडे धरतं. गच्चीखालचा मजला असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, गच्चीच्या कठड्याच्या तळाशी नीट वाटा (सिमेंटचा गोलसर उतार), मग नक्षी.

आणि एक विचारू का? ही स्कर्टिंग साहेबाने शोधली काय? आमच्या जुन्या घरात जमीन शेणाने सारवायची. सारवताना पोतेरं भिंतीला लागणारच. म्हणून भिंतीचा तळचा वीतभर भाग काव लावून तांबडा केलेला असायचा, वर पांढरा चुना. आजी दिवाळीआधी सुतळीचा एक धागा भिंतीवर ताणून धरायला लावायची, म्हणजे कावेची वरची कड सरळ येईल. धागा हलला की पाठीत धपाटा. दर वर्षी नवी स्कर्टिंग, रनिंग फुटाला एक धपाटा.

सई_कोथरूड
धपाट्याचा दर परवडेल मला. :)

कंगोरा
@रत्नागिरीकर, वा! आणि शाळांच्या, सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवरचा ऑइलपेंटचा पट्टा आठवा. खाली चार-साडेचार फुटांपर्यंत चॉकलेटी किंवा हिरवा, वर चुना, मध्ये बोटभर काळी रेघ. तो गरिबाचा डॅडोच. भिंतीला टेकून बसणाऱ्यांच्या डोक्याचं खोबरेल वरच्या चुन्यापर्यंत पोचू नये एवढाच हिशेब. तरी उंच पोरांचे गोल डाग रेघेच्या वर असायचेच.

लीड्सची_वैदेही
हे वाचून इथलं सांगावंसं वाटलं. आम्ही व्हिक्टोरियन काळातल्या घरात भाड्याने राहतो. स्कर्टिंग नऊ इंच उंच! आणि भिंतीवर, छताच्या खाली दीडेक फुटावर, सगळीकडून एक लाकडी पट्टी फिरलेली. मी पहिल्याच दिवशी नवऱ्याला म्हटलं, यांच्याकडे लाकूड जास्त झालं होतं का? घरमालकीणबाईंनी सांगितलं की ही पिक्चर रेल. जुन्या भिंती लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर चुन्याचं प्लास्टर चोपडून केलेल्या. खिळा मारला की गिलाव्याचा खपला हातात. म्हणून तसबिरी या रेलला आकडा अडकवून दोरीने खाली सोडायच्या. भिंतीला एकही भोक नाही.

कमरेच्या उंचीची पट्टी असते ती खुर्चीची पाठ आपटून भिंत खराब होऊ नये म्हणून. तिच्याखाली लाकडी तक्तपोशी, तिला वेन्सकटिंग म्हणतात. दगडी भिंतीचा गारवा अंगाला लागू नये म्हणून ही पद्धत पडली. म्हणजे तिकडे त्या पट्ट्या कामाच्याच होत्या. आपण पुण्यात त्यांचे फक्त चौकोन उचलले.

सिव्हिलवाला
@वैदेही, नेमकं बोललात. सई, तुमच्या कोटेशनमधलं 'वॉल मोल्डिंग' म्हणजे तेच चौकोन. भिंतीवर फ्रेमसारखे चिकटवायचे आणि सगळं एकाच रंगात रंगवायचं.

अवांतरप्रेमी
अवांतराबद्दल माफी, पण वाड्यांचा विषय निघत कसा नाही? पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातलं लाकूडकाम बघा. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, १८०७ सालचा. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, त्यांना कोरलेली केळफुलं. जुन्या वाड्यांत दोन खांबांमधली महिरप, दारावरची गणेशपट्टी, सगळं सागवानात. गणेशपट्टी काय झाकते? काही नाही. पण ती नसलेलं दार कोणाला आवडलं असतं?

आणखी मागे जायचं तर सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळाच्या पायाशी उभे राहा. खुर, कुंभ, कलश, मग कपोत. खालून वर एकावर एक थर, कुठे फुगीर कुठे खोल. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक थराखाली सावलीची एक रेघ पडते. काळा दगड, एकच रंग, पण सावल्यांमुळे भिंत वाचता येते. मोल्डिंगचं खरं काम ते. पेन्सिलीच्या दोन प्रश्नांत ते बसत नाही, @सिव्हिलवाला.

सिव्हिलवाला
मान्य. तिसरा प्रश्न घाला: तिच्यावर उजेड कुठून पडणार? वॉल मोल्डिंग खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर असेल तर बाजूने उजेड येतो, सावली पडते, चौकोन उठून दिसतात. खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर सपाट उजेड येतो आणि सगळं फिकं पडतं. पण सिन्नरच्या पायथ्याला रनिंग फुटाने बिल नव्हतं लागत, एवढं लक्षात असू द्या.

गृहिणी_नं_१
पट्टी लाकडाची का पीव्हीसीची का थर्माकोलची, याबद्दल कोणी बोलेल का? आमच्याकडे थर्माकोलची कॉर्निस आहे. दिसते छान, पण पोराने बॅटची मूठ लावली आणि खड्डा पडला.

कंगोरा
खाली हात-पाय-पोछा लागतो तिथे टाइल, दगड, पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकचं मिश्रण). वर कोणी हात लावत नाही तिथे हलकं चालेल. तुमच्या पोराची बॅट छतापर्यंत गेली म्हणजे त्याला क्लब लावा.

दिलीप_डोंबिवली
सई, एक कळीचा प्रश्न. बेडरूममध्ये लाकडी लॅमिनेट फ्लोअरिंग करताय का?

सई_कोथरूड
हो, एका बेडरूममध्ये. जुन्या मोझेकवरच टाकायचं म्हणतेय ती. बाकी घरात आहे तीच फरशी आणि आहे तीच स्कर्टिंग.

दिलीप_डोंबिवली
मग माझी चित्तरकथा वाचाच. लॅमिनेटच्या फळ्या खाली चिकटवत नाहीत. त्या एकमेकींत अडकवून फरशीवर नुसत्या तरंगत असतात. हवेतल्या दमटपणाने त्या फुगतात, म्हणून भिंतीपाशी चहूबाजूंनी आठ-दहा मिलिमीटर जागा मोकळी सोडतात. ती जागा स्कर्टिंग झाकते. म्हणून ही स्कर्टिंग भिंतीला ठोकायची, जमिनीला नाही.

आमच्याकडे काम करणाऱ्याला ती फट बघवली नाही. त्याने प्रेमाने त्यात पुट्टी भरली आणि वर पट्टी जमिनीत स्क्रू मारून पक्की केली. मी पण शाबासकी दिली. जुलैत एके रात्री 'कट्ट' असा आवाज झाला. बायकोला वाटलं चोर. दिवा लावून पाहिलं तर पलंगाच्या शेजारी जमीन उंटाच्या पाठीसारखी वर आलेली. त्यावर पाय दिला की ती खाली जायची आणि कपाटापाशी दुसरं मदार यायचं. आठवडाभर आम्ही त्या खोलीत बोटीवर चालल्यासारखे चालत होतो. शेवटी चारी बाजूंची पट्टी उपटली, पुट्टी खरवडली, आणि दोन दिवसांत जमीन आपोआप खाली बसली.

टवाळ_पोर
डोंबिवलीत उंट. लोकलमध्ये एवढी गर्दी का होते ते आत्ता कळलं.

मीनल_ठाणे
@दिलीप_डोंबिवली, हा प्रतिसाद प्रिंट काढून सुताराच्या हातात देणार आहे. आणखी एक, स्कर्टिंग भिंतीबाहेर येते ना, त्यामुळे तयार कपाट भिंतीला टेकतच नाही. मागे अर्धा इंच फट, त्यात मोबाईलचे चार्जर, कंगवे आणि माझी एक कुडी. कपाटाच्या बाजूच्या फळीला तेवढी खाच मारून घ्या.

न्यूजर्सीतला_नाना
कुडी मिळाली का?

मीनल_ठाणे
मिळाली. चार वर्षांनी, रंगकामाच्या वेळी.

सई_कोथरूड
सगळ्यांचे आभार. पेन्सिल घेऊन बसले आणि नंतर डिझायनरलाही भेटून आले. खरं सांगायचं तर ती चिडली नाही, उलट 'बरं झालं विचारलंत' म्हणाली. स्कर्टिंग फक्त लॅमिनेटच्या बेडरूमला, ३५ फूट, दार आणि वॉर्डरोब वजा, आणि भिंतीलाच ठोकायची. कव्हर पट्टी चार दारांना, आतबाहेर. लिपिंग, डॅडो आहे तसं. कॉर्निस गेली. कोव्ह फक्त हॉलमध्ये, कारण नवऱ्याला सिनेमाच्या वेळी मंद दिवे पाहिजेत. हा तोच नवरा ज्याला कोटेशनचं पान फाडायचं होतं. वॉल मोल्डिंग एकाच भिंतीवर, खिडकीशेजारच्या. सासूबाईंनी चर्चा ऐकून मुख्य दाराला गणेशपट्टी मागितलीय, ती मी कुठल्याच प्रश्नात बसवत नाहीये.

आज सुतारकाका माप घ्यायला आले होते. मी ऐटीत कोपिंग वगैरे बोलून पाहिलं. त्यांनी बेडरूमच्या कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या लावला, थोडा वेळ बघत राहिले, मग गुण्या उलटा करून लावला. म्हणाले, 'ताई, गुण्या बरोबर आहे.' पट्टीपुरता कोपरा तीन अंश बाहेर असला तरी कोरून बसवतो म्हणाले. पण वॉर्डरोब नेमका त्याच कोपऱ्यात आहे. नवा धागा काढू का?

टवाळ_पोर
काढा. चुका किती आणू?